घरचे सगळे घेऊन या

आमच्या मास्तरांकडे गाडी एकटी नेलेली चालत नसे. भाईंदर पश्चिमेला, मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की एका गल्लीच्या टोकाला त्यांचं गॅरेज होतं. पुढे पत्र्याची शेड, आत एक लांबट खड्डा, आणि भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, दोघांनाही रोज ताजं फूल. गाडी घेऊन येणारा कितीही घाईत असो, मास्तर आधी त्याच्या खांद्यावरून मागे बघत आणि बाकीचे कुठे आहेत म्हणून विचारत. बाकीचे म्हणजे त्या गाडीत एरवी जे जे बसतात ते सगळे. कोणाची आई गुडघ्यांनी आजारी असे, कोणाच्या बायकोची ड्यूटी असे, मास्तरांना त्याचं सोयरसुतक नसे. "घरचे सगळे घेऊन या, मग पान्याला हात लावतो," एवढं सांगून ते परत खड्ड्यात उतरत.

त्यांचं काम गाडीच्या पोटाखालचं. स्प्रिंगा, शॉकअप, आर्म, बुश. आमच्या मीरा-भाईंदरमध्ये गाड्या खाली बसवून घ्यायची एक हौस आहे. कोणीतरी स्प्रिंग कापून नाहीतर आखूड स्प्रिंग घालून गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणतो. उभी असताना ती फार देखणी दिसते. चालायला लागली की वळणावर डोलते, खड्ड्यात उडते, स्टिअरिंग हातातून ओढून घेते आणि टायर आतल्या बाजूनं खात सुटते. मग असा हौशी माणूस मास्तरांकडे येई आणि मास्तर त्याला आधी भरपूर ऐकवत. गाडी खाली बसवायला अक्कल लागत नाही, खाली बसलेली गाडी चालायला शिकवायची तर लागते, आणि ती अक्कल दहिसर ते वसई एकट्या माझ्याकडे आहे, असं ते न लाजता सांगत. विनय नावाची चीज त्यांच्याकडे नव्हतीच.

बाहेरून मागवलेले शॉकअप ते बसवत, ज्यांची उंची एका रिंगेनं कमी-जास्त करता येते. गाडी खाली आल्यामुळे लांब पडणाऱ्या दांड्या बदलून आखूड घालत. आणि शेवटी बुश. बुश म्हणजे लोखंडाच्या दोन भागांमधलं रबर. त्याचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळले, तर खाली उतरवल्यावर रबराला जन्मभर पीळ पडतो आणि ते लवकर फाटतं. हे कुठल्याही चांगल्या मेकॅनिकला माहीत असतं आणि तो गाडी चाकांवर उभी करूनच बोल्ट आवळतो. मास्तर याच्या पुढे गेले होते. गाडी चाकांवर उभी आहे हे ठीक, पण आत कोण बसलंय? रिकामी गाडी कोण चालवतं? "रबर जिथं आवळलं ते त्याचं घर," ते म्हणत, "मग तुम्ही त्याला कुठं बी न्या, ते घराकडंच वढ घेतंय." म्हणून घरचे सगळे. मंडळी गाडीत बसायची, गाडी खड्ड्यावर, आणि खड्ड्यात मास्तर पाना घेऊन.

मुख्य रस्त्यावरचा कॉम्प्युटरवाला अलाइनमेंटचा माणूस या प्रकाराला हसायचा. सुहासचं म्हणणं होतं की फरक पडत असेलच तर चिमूटभर पडत असेल. खरं-खोटं मास्तरच जाणोत. पण सुहासला तो सगळा सोहळा मनापासून आवडला होता.

सुहास माझा नवरा. लालबागची जागा सोडून सासूबाईंना, म्हणजे आईंना घेऊन तो इकडे आला, तेव्हा आमचं लग्नही झालं नव्हतं. अंधेरीला हिशेबाच्या खात्यात नोकरी, पान नाही, तंबाखू नाही, आवाजही कधी वर गेलेला नाही. सहा फूट उंच आणि अंगानं चांगला भरलेला माणूस. अशा माणसानं एक जुनी गाडी घेतली आणि ती खाली बसवून आणली, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी मला एकेकदा बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. सोसायटीच्या गेटवरच्या गतिरोधकावर ती गाडी असा काही आवाज करायची की वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहायचा. आईंना तिच्यातून बाहेर काढायला दोन माणसं लागत. या गाडीत बसायचं म्हणजे पंगतीला पाटावर बसायचं, फक्त जेवायला कोणी वाढत नाही, असं त्या म्हणायच्या. वळणावर पोटात ढवळायला लागलं, तेव्हा मी निर्वाणीचं बोलले, आणि सुहास मास्तरांचा पत्ता शोधून आला.

मास्तरांनी बोलावलंय म्हटल्यावर आईंना राग आला. त्या मेकॅनिकला माझं वजन कशाला हवंय, हा त्यांचा सवाल होता. गॅरेजमध्ये गेल्यावर त्यांनी तो तोंडावर विचारला. मास्तरांनी हात पुसले, त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "वजन नको आई, तुम्ही पाहिजे." गाडीत एरवी असतं ते सगळं सामानही मास्तरांनी मागून घेतलं. सुहासची ऑफिसची बॅग, माझी छत्री, आईंच्या औषधांची पिशवी. मग आम्ही तिघं बसलो. सुहास स्टिअरिंगवर, मी डावीकडे, आई मागे. तिघंही पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे ताठ.

खालून काहीच आवाज येईना. बराच वेळ गेल्यावर सुहासनं हाक मारली की मास्तर, आवळा की आता. खड्ड्यातून उत्तर आलं, "तुम्ही अजून बसलाच नाहीत."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग आई म्हणाल्या की हे होईपर्यंत मासळी संपेल, उत्तनला आधी जायला हवं होतं. मी म्हटलं, सकाळपासून तेच सांगतेय. सुहास म्हणाला, सकाळी मी तयार होतो, साडी कोणाची ठरत नव्हती? मी त्याच्याकडे वळून बसले, त्यानं सवयीनं कोपर खिडकीवर टेकवलं, आई आम्हा दोघांच्या सीटा धरून मधे वाकल्या, आणि आमचं रीतसर भांडण सुरू झालं. त्याच क्षणी खाली पाना फिरल्याचा कर्रकर्र आवाज आला. माणूस आपण कुठे बसलोय हे विसरतो तेव्हाच तो खरा टेकतो, आणि ते विसरेपर्यंत मास्तर खड्ड्यात शांत उभे राहत. त्यामुळे भाईंदरमधली कितीतरी घरं त्यांनी खालून ऐकलेली होती. पण कोणाचं भांडण त्यांनी वर आणलं नाही.

घरातलं कोणी खरोखरच येऊ शकत नसेल, दुबईला असेल किंवा बोटीवर असेल, तर मास्तर समोरच्या फरसाणवाल्या जयंतीभाईंना हाक मारत. वाळूची गोणी ठेवलेली त्यांना चालत नसे. गोणी पडून राहते, बसत नाही, असं त्यांचं मत. जयंतीभाई गोलमटोल, शांत आणि कायम मोकळे. बेसनाचे हात झटकत ते रस्ता ओलांडून येत आणि कोणाच्या तरी काकाच्या, कोणाच्या तरी मुलाच्या जागी बसत. त्या घरच्या गप्पांतही ते भाग घेत. एका घरात सून आणि सासूमध्ये त्यांनी समझोता घडवून आणला होता असं म्हणतात.

मास्तर मूळचे परभणीकडचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं काढलेली, त्यामुळे उंच उभ्या राहणाऱ्या बसगाड्यांवर त्यांचं खरं प्रेम होतं आणि या बसक्या गाड्यांबद्दल दया. ते भांडखोर होते, चहा स्वतःसाठी कधी मागवत नसत आणि दुसऱ्याच्या कपातला अर्धा हमखास पीत. एखाद्याला तब्येत कशी आहे, घरी कसं आहे, असं त्यांनी विचारलेलं मी ऐकलं नाही. "गाडी काय म्हणायली?" एवढाच त्यांचा प्रश्न. काम झालं की ट्रायलला स्वतः जात, एकटे, उत्तनच्या रस्त्यानं पार समुद्रकाठच्या चौक गावापर्यंत. दुसऱ्या कोणाच्या बाजूला ते कधी बसत नसत. बसलं की आपला पाय उगाचच ब्रेक दाबत राहतो आणि घरी जाऊन दुखतो, असं कारण सांगत.

सुहास गेला तो ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी. डबा भरलेला तसाच घरी आला. मी तो रिकामा केला, घासला आणि पालथा घालून ठेवला. मला फार काही वाटलं नाही. माणसं आली, गेली. रडून घे, मोकळी हो, असं प्रत्येकजण सांगून गेला, पण रडू आलं नाही. दुःख लपवत होते असंही नाही. भाजी निवडावी तशी मी एकेक गोष्ट हातावेगळी करत होते. आई रडल्या, जेवल्या, झोपल्या, पुन्हा रडल्या. मला त्यांचा हेवा वाटायचा.

त्या दिवसांत कधीतरी मास्तर आमच्या बिल्डिंगमध्ये येऊन गेले. वर आलेच नाहीत. कोई मेकॅनिक आया था, गाडी के नीचे देख के चला गया, असं वॉचमननं नंतर सांगितलं.

गाडी विकून टाकावी असं माझ्या डोंबिवलीच्या दिरांनी सुचवलं. ते चुकीचं बोलत नव्हते. आईंचा डोळ्यांचा डॉक्टर, बाजार, एवढ्यापुरती मी ती चालवायला घेतली होती आणि ती माझ्या हातात राहत नव्हती. सरळ रस्त्यावर डावीकडे ओढायची, वळणावर भलतीकडे जायची. एकदा उड्डाणपुलावर ती रिक्षाला घासता घासता राहिली आणि आई पुढचा रस्ताभर डोळे मिटून बसल्या. त्यात सीट सुहासच्या मापानं पार मागे होती. मी पाठीला उशी लावून, पायाच्या बोटांनी पेडल दाबत चालवायची. सीटखालचा दांडा ओढला की सीट पुढे येते हे मला माहीत होतं. ओढला नाही, एवढंच. दिरांना मी सांगितलं की मास्तरांना दाखवते. त्यांनी गाडी माझ्या हाताला आणून दिली तर ठेवीन, नाहीतर विकू. सुहासचं दुसरं काही मागे उरलं नव्हतं. त्याचे कपडे मी केव्हाच देऊन टाकले होते, आणि तेव्हाही काही वाटलं नव्हतं. पण गाडी विकायची म्हटलं की मी विषय बदलायची.

आईंना मागे बसवून मी गाडी गॅरेजपर्यंत नेली. मास्तर शेडच्या तोंडाशीच उभे होते. "गाडी काय म्हणायली, वहिनी?" बाकी एक शब्द नाही. मला बरं वाटलं. एव्हाना सगळे मला ताई नाहीतर मॅडम म्हणायला लागले होते, जणू वहिनी म्हणणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं. मी सांगितलं, डावीकडे ओढते. त्यांनी खाली उतरून बघितलं. एक बुश फाटला होता. तो बदलून झाला, गाडी खड्ड्यावर आली आणि ते म्हणाले, बसा.

मी गेले, डावीकडचं दार उघडलं आणि बसले.

आई मागे त्यांच्या जागी होत्या. स्टिअरिंगसमोरची सीट रिकामी. मास्तर हातात पाना घेऊन उभे होते. मीच गाडी चालवत आणली हे त्यांनी पाहिलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग गल्लीपलीकडे तोंड करून म्हणाले, "जयंतीभाई, जरा येता का?"

जयंतीभाई आले. कुठली सीट रिकामी आहे ते बघून थबकले. मास्तरांनी मान हलवली. मग जयंतीभाईंनी चपला बाहेर काढल्या आणि आत येऊन बसले. इतक्या लोकांच्या गाड्यांत ते बसले होते, पण चपला काढलेल्या मी तेव्हाच बघितल्या. मास्तर खाली उतरले आणि थांबले. मागे आईंच्या श्वासाचा आवाज येत होता. मी समोरच्या भिंतीवरचं फूल बघत होते. शेवटी जयंतीभाईच अवघडून म्हणाले, "बेन, इस हवा में गाठिया नरम पड जाता है." थोड्या वेळानं आई म्हणाल्या की डब्यात तांदळाची पुरचुंडी टाकून बघा. ते म्हणाले, तांदूळ तो डाला था. आई म्हणाल्या, मग झाकण सैल असेल. खाली पाना फिरला.

म्हणजे गाडी पुन्हा सुहासच्या वजनावर आवळली गेली. नवीन बुशमुळे थोडी सुधारली, पण ओढायची ती ओढायचीच. बुश बसला का बघू, महिन्यानं या, असं मास्तरांनी सांगितलं होतं. मी गेले. पुन्हा चालवत नेली, उतरले, डावीकडे बसले. पुन्हा जयंतीभाई आले. असं कितीतरी महिने चाललं. आता सांगताना हे चमत्कारिक वाटतं, तेव्हा वाटत नव्हतं. मला कोणी काही म्हणालं नाही. आई आणि जयंतीभाईंची तर छान गट्टी जमली. आई त्यांच्यासाठी कांदा-लसूण न घातलेली चटणी घेऊन जायच्या आणि ते आईंना ताज्या पापडीची पुडी द्यायचे. मधेच दिरांचा फोन यायचा की झाली का गाडी, आणि मी काम चालू आहे म्हणायचे.

शेवटी दिरांनी एक गिऱ्हाईक आणलं. रविवारी गाडी बघायला येणार होतं. मी गॅरेजमध्ये जाऊन मास्तरांना सांगितलं की आता बहुतेक विकावीच लागेल, मला ती जमत नाही. मला वाटलं, ते चिडतील, त्यांच्या कामाला कोणी नाव ठेवलेलं त्यांना खपत नसे. ते चिडले नाहीत. कापडाला हात पुसत बसले. मग म्हणाले, रविवारच्या आत एकदा या, आईंना घेऊन.

आम्ही गेलो त्या दिवशी जयंतीभाईंचं शटर बंद होतं. मी मास्तरांकडे बघितलं. जयंतीभाई नाहीत, ते म्हणाले. शेडमध्ये गिऱ्हाइकं उभी होती, त्यातल्या एक-दोघांचं वजन सहज जमलं असतं. मास्तरांनी कोणालाच बोलावलं नाही. नेहमीसारखं "बसा" म्हणाले आणि खड्ड्यात उतरले. मी डावीकडे जाऊन बसले. उजवीकडची सीट रिकामी, तिच्या पाठीला माझी उशी. खाली मास्तर थांबलेले. मला माहीत होतं, ते थांबू शकतात. मी भिंतीवरच्या फुलाकडे बघायला लागले. त्या दिवशी पिवळी शेवंती होती.

"ती जागा सुहासची आहे हे मलाही कळतं," आई मागून म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, मीठ मागावं तसा. "पण मला इथवर आणलीस तूच ना? मग बस की तिकडे."

मी उतरले. गाडीला वळसा घालून पलीकडे गेले आणि स्टिअरिंगसमोर बसले. आई म्हणाल्या, आणि ती उशी दे इकडे, सीट पुढे घे. मी उशी मागे दिली. हात खाली घालून दांडा ओढला. सीट सहज पुढे सरकली. मला वाटलं होतं, अडकेल. माझे पाय पुरते पेडलांवर टेकले आणि पाठ सीटला लागली. काही झालं नाही. रडूही आलं नाही.

खाली अजून शांतताच होती. मग आईंनी विचारलं, येताना कोथिंबीर घ्यायची होती, घेतलीस का? मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात घरात आहे. त्या म्हणाल्या, मी पुदिना आहे म्हणाले. मी म्हटलं, पुदिना कालच संपला, तुमच्या जयंतीभाईंच्या चटणीत. त्या दोन्ही सीटा धरून पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, माझे कसले जयंतीभाई? मी मान वळवली, कोपर खिडकीवर टेकवलं, आणि खाली पाना फिरला. एकामागून एक सगळे बोल्ट आवळल्याचा आवाज येत राहिला. मग मास्तर म्हणाले, "आता बसलात."

त्यांनी रिंगा फिरवल्या, गाडीच्या दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून चाकं सरळ केली, बराच वेळ खपले. मग किल्ली माझ्या हातात दिली. ट्रायल तुम्हीच मारा, म्हणाले. त्यांनी असं कोणाला म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. मी आणि आई उत्तनच्या रस्त्यानं निघालो. डोंगरी गावाच्या पुढची वळणं आली, बांबूंवर सुकत घातलेले बोंबील आले, आणि गाडी जिथे वळवीन तिथे वळत होती. सोडली की सरळ होत होती. चौकला पोचल्यावर मी ती समुद्राकडे तोंड करून उभी केली. आनंद झाला असं म्हणवत नाही. खूप भूक लागली, हे मात्र आठवतं. आम्ही दोघींनी तिथे भजी खाल्ली. घरी आल्यावर मी दिरांना फोन करून सांगितलं की रविवारी कोणाला आणू नका.

पुढच्या वर्षी ती गल्ली बिल्डरकडे गेली. मास्तरांची शेड होती ती बाजू आधी रिकामी करायची होती. गुडघे आता खड्ड्यात उतरू देत नाहीत, मुलीकडे गावी जातो, असं ते म्हणाले. त्यांची बस काशिमीऱ्याहून होती. मी सोडते म्हटलं. ते आधी नाही म्हणाले, मग रिक्षा करतो म्हणाले, आणि शेवटी तयार झाले. त्यांनी भिंतीवरचे दोन्ही फोटो चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवले आणि डावीकडे येऊन बसले. ताठ, हात मांडीवर. पहिल्याच सिग्नलला मी बघितलं, त्यांचा उजवा पाय खाली ब्रेक शोधत होता.

"मास्तर, तुम्ही अजून बसलाच नाहीत," मी म्हटलं.

ते हसले. तसे ते फारसे हसत नसत. मग बोलायला लागले. एसटीच्या स्प्रिंगांच्या पाट्यांबद्दल, परभणीच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरबद्दल, जो गाडी चालवताना इतका हळू वळायचा की प्रवासी मधेच उतरून पुन्हा चढायचे. उड्डाणपुलावर त्यांची पाठ सीटला टेकली. पूल उतरताना त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. पण ते ऐकत होते, खालचं.

काशिमीऱ्याला ते उतरले तशी गाडीची डावी बाजू किंचित वर आली. त्यांनी फोटोंचं गाठोडं काखेत घेतलं, सवयीनं वाकून चाकाच्या आत बघितलं, आणि गाडी काय म्हणते ते कळवत जा, असं सांगून बसमध्ये चढले. खिडकीतून हातबित हलवला नाही. मधूनमधून मी फोन करते. कधी लागतो, कधी नाही. लागला की तोच प्रश्न.

मास्तर गावी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईंसाठी पापडी घ्यायला जयंतीभाईंकडे थांबले. गल्लीची त्यांची बाजू अजून शाबूत होती. समोर पत्रे उतरवायचं काम चाललं होतं आणि खड्डा उघडाच पडला होता. आम्ही दोघंही तिकडे बघत होतो. पुडीला दोरा बांधता बांधता ते म्हणाले, "बेन, उस दिन मैं कहीं गया नहीं था. अंदर ही बैठा था."

कुठल्या दिवशी ते मला विचारावं लागलं नाही.

"मास्तर ने सुबह आ के बोला, आज शटर गिरा दो, आज तुमको नहीं बैठना है. मैंने पूछा, और वो नहीं बैठी तो? बोले, तो अगले महीने फिर तुम बैठना."

मी पुडी घेतली. पैसे दिले की नाही, आठवत नाही. गाडीत येऊन बसले, दार लावून घेतलं. सीट मी ठेवली होती तिथेच होती. किल्ली लावायला हात पुढे केला आणि मला रडू आलं. सुहास गेल्यापासून पहिल्यांदा. स्टिअरिंगवर डोकं टेकवून मी मोठ्यानं रडत राहिले, लोक जात-येत असताना, भर गल्लीत.

जयंतीभाई दुकानातून बघत होते. ते बाहेर आले नाहीत. समोर पत्रे काढणारी माणसं काम थांबवून बघायला लागली, तेव्हा त्यांना त्यांनी हातानं कामाला लागा म्हणून खुणावलं. मग शटर अर्ध्यावर ओढून घेतलं आणि आत जाऊन बसले.